तांबडा वाण

शाळाप्रवेशाच्या तपासणीत केतकीच्या रक्तात तांबडा वाण निघाला. लाळेतून पसरणाऱ्या एका विषाणूच्या या वाणामुळे पुढे घशाच्या कर्करोगाचा धोका वीसपट वाढायचा.

"माझ्याकडूनच गेला असेल," मृण्मयी पुटपुटली. तिच्या रक्तात तो होता, म्हणून सहा वर्षांत तिने लेकीचा एकदाही पापा घेतला नव्हता.

"नाही. तुमच्यातल्या विषाणूची जनुकं थोडी वेगळी आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "हिचा विषाणू तंतोतंत वडिलांच्या विषाणूशी जुळतोय."

हेरंबची मान खाली गेली. केतकीच्या निकालानंतर त्याचं रक्त घेतलं, तोवर त्याने कधी तपासणी करून घेतलीच नव्हती.

मृण्मयीने केतकीला जवळ ओढलं आणि तिच्या गालावर ओठ टेकवायला ती वाकली. पोरीने घाबरून तोंड फिरवलं.

"आई, तू नको ना!" असं म्हणत ती बाबांच्या मांडीवर जाऊन बसली.