वाढीव वॉरंटी

जावयाला लग्नात द्यायची गाडी बुक करायला धावड्याचे कडूबा बायको-लेकीला घेऊन जालन्याच्या शोरूममध्ये गेले. इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी सात वर्षांपर्यंत वाढवून मिळते म्हटल्यावर दुर्गाबाईंनी नाक मुरडलं, "कोऱ्या गाडीला काय धाड भरती? फुकटचा खर्चा!"

"तुला न्हाई कळायचं," कडूबा हळूच म्हणाले. "उद्या इंजिन बसलं, त खापर आपल्या शीतलवर फुटंल. जन्म काढायचाय तिला तिथं."

वडलांच्या मायेनं शीतलला भरून आलं. तिनंच सेल्समनला सांगितलं, "घेऊन टाका, दादा."

तिसऱ्या वर्षी सर्व्हिसिंगची आठवण करून द्यायला शोरूममधून फोन आला. जावयाला तोशीस नको म्हणून नंबर कडूबांनी स्वतःचाच दिला होता. ते अंघोळीला गेलेले, म्हणून तान्ह्या लेकीला मांडीवर थोपटत शीतलनंच फोन उचलला.

"ताई, गाडीची काही तक्रार? वॉरंटी अजून बरीच बाकी आहे."



"गाडी तिकडं बिलकुल बराबर चालून राह्यली," शीतल म्हणाली. "मुलगी झाली म्हणून परत पाठवलं, ते मला."