दुसरी बाटली

पंचशीलाच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या थाळीत हिरवे ठिपके एकेचाळीस होते, पिवळे नऊ. हिरवे निरुपद्रवी जंतूंचे, पिवळे त्यांच्याच भावकीतल्या पटकीच्या जंतूंचे. पाणी तिच्याच गावच्या विहिरीचं, तिची आई रोज पिते ते. विहीर बंद करायला दुसऱ्या बाटलीतही पिवळे दिसायला हवे होते.

आईनं एसटीनं धाडलेली ती बाटली अगदीच नितळ निघाली, तसा पंचशीलानं फोन लावला.

“अगं, तुझ्या सायबाला गढूळ पाणी कसं दावू? वडवणीहून फिल्टरच्या पाण्याचा जार आणून भरली!” आई, जाईबाई, कौतुकानं म्हणाली.

विहिरीचं पाणी पुन्हा मागवू द्या, ही तिची विनंती साहेबांनी मात्र ऐकली नाही. “दोनच तपासण्या असतात. आलेल्या बाटलीचा अहवाल लिहा.”



हिरवे शून्य, पिवळे शून्य. विहिरीचं पाणी पिण्यास योग्य.