चार इंच

पणजोबांचा लाल झगा फिलिपाला इतका लांब होत होता, की आरशापर्यंत जाताना ती दोनदा अडखळली.

हार्ग्रेव्ह घराण्यात तीन पिढ्या थोरला मुलगा हाच झगा घालून न्यायाधीश झाला आणि धाकटा पार्लमेंटात गेला. मुलींची लग्नं झाली. फिलिपा एकुलती एक. वीस वर्षांपूर्वी तिनं कायदा शिकायला घेतला, तेव्हा तिचे वडील, सर एडमंड, वर्षभर तिच्याशी बोलले नव्हते. उद्या ती न्यायाधीशपदाची शपथ घेणार होती. झगा त्यांनी सकाळी स्वतःच कपाटातून काढून आणला.

आता ते तोंडात टाचण्या धरून तिच्या पायाशी गुडघे टेकून बसले होते.

"चार इंच जास्त आहे. कापूनच टाकते," म्हणत आईनं कात्री उचलली.

सर एडमंडनी टाचण्या काढून हातात घेतल्या.

"कापू नकोस. आत दुमडून टाके घाल."

"कशाला? ही काय आता वाढणार आहे?"

"ही नाही," ते म्हणाले. "पण हिची लेक बाराव्या वर्षीच हिच्या खांद्याच्या वर गेलीय."