शेवटचा टप्पा
“आजोबा, माणसाच्या मनाच्या वाढीचे टप्पे असतात. हा शेवटचा!” मानसशास्त्र शिकणारी नात गुणाजीच्या कानाशी ओरडली. “आयुष्याचं समाधान वाटतं, की ते फुकट गेलं?” गुणाजीनं कानातलं मशीन काढून ठेवलं. गिरणीचा संप चिघळला तेव्हा त्यानं हुशार मुलाला, आनंदाला, शाळेतून काढून कामाला लावलं होतं. त्यावर बापलेक कधीच बोलले नव्हते. नात आनंदाकडे वळली. “पपा, आजोबांनी कानातलं मशीन काढलंय. तुम्हीच सांगा, प्रोजेक्टमध्ये त्यांचं उत्तर काय लिहू?” गुणाजीला ऐकू आलं नाही, पण कळलं. गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात विणकर ओठ वाचूनच बोलत. त्यानं मुलाच्या ओठांवर नजर रोखली. ही विद्या बापाला येते, हे आनंदाला ठाऊक होतं. तो उठला, गॅलरीकडे तोंड करून उभा राहिला आणि मगच बोलला. नात घुटमळली. मग ओरडली, “आजोबा, चहा ठेवू?” “ठेव. आधी तुज्या बापाशीक दी.”