सैल जाळी

बशीत कप किणकिणला. सकाळच्या गप्प स्वयंपाकघरात तेवढाच आवाज. मुलीने पटकन दुसरा हात लावून कप सावरला आणि आईकडे पाहिलं. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती, काही ऐकलंच नाही अशी.

“दूध गरम होतं,” मुलगी म्हणाली.

“हो गं,” आई म्हणाली. दूध कोमट होतं. तिनेच निववून दिलं होतं.

चालायला लागल्यापासून ही पोर घरभर गरगरायची, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. आता तिचे हात हळूहळू दुबळे होत चालले होते. स्नायूंचा आजार होता, त्यावर औषध नव्हतं. “खेळता येतंय तोवर खेळू द्या,” डॉक्टर म्हणाले होते. “आणि तिला कधी सांगायचं, ते तुम्ही ठरवा.” बाबा दर सुट्टीच्या दिवशी म्हणायचे, आज सांगून टाकू. दर सुट्टीच्या दिवशी आईला काहीतरी धुवायचं निघायचं.

भिंगरीचं बॅडमिंटन म्हणजे मागून लांब मारणं. शटलचं फूल पार पलीकडच्या बाजूच्या मागच्या रेषेवर टाकायची ती. मग ते मध्येच पडायला लागलं. एके दिवशी तिने रॅकेट कोपऱ्यात टाकली आणि म्हणाली, “मला येतच नाही. सोडते मी.” त्या दिवशी ती जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी आई रॅकेट घेऊन एकटीच दुकानात गेली. दुकानदार काका जुने, रॅकेटची जाळी स्वतः बांधणारे. सगळं ऐकून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले, “सैल बांधून देतो. कमी जोरात लांब जाईल.” आणि गेलंच. भिंगरी उड्या मारत घरी आली, दोनदा वाढून घेऊन जेवली. “आई, माझा हात परत आला.”

पुढे फूल जेव्हा जेव्हा आखूड पडायला लागलं, तेव्हा तेव्हा आई म्हणायची, “दे इकडे, मुठीला नवी ग्रिप लावून आणते.” वाढत्या मुलीच्या फ्रॉकची शिवण थोडी थोडी उसवत जावी, तशी ती जाळी सैल करवून घेत राहिली. एकदा जिन्यात बसून रडली, मग तोंड धुऊन वर आली.

बॅडमिंटन शिकवणाऱ्या सरांनाही यातलं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, “हात छान सुधारलाय. आता तिच्या खेळाला शोभेल अशी रॅकेट घ्या.” म्हणून आज नवी रॅकेट.

दुकानात काका नव्हते. त्यांची सून होती. ती ओळखीचं हसून म्हणाली, “बोला ताई. खेळणार कोण, ही का? कशी खेळतेस गं? मागून मारतेस, की नेटजवळ टिपतेस?”

“मागून मारते,” भिंगरी म्हणाली.

“बाई गं. मग तुझ्याशी जरा जपूनच बोलायला हवं.” सुनेने दोन रॅकेटी काउंटरवर ठेवल्या. “मारणाऱ्याला ही. पुढून जड, दांडा कडक. टिपणाऱ्याला ही हलकी.”

“हलकीच द्या,” आई म्हणाली.

“आई, खेळतेस तू का मी? हलकी नवशिक्यांना असते.”

तिने जड रॅकेट उचलली, मागे नेली. मनगट दुमडलं आणि रॅकेट तिच्याच पाठीवर आपटली. ती हसली. दुसऱ्यांदा कोपर खांद्याच्या वर गेलंच नाही. तरी ती हसली. “नवीन आहे ना, म्हणून,” ती म्हणाली.

सुनेला तिची दया आली. “अगं, जड वाटली तरी घाबरू नकोस. तुमची जाळी नेहमीसारखी सैल बांधून देते की. मागची मीच बांधली होती. सासरे म्हणाले, या ताईंची असेल तर होईल तेवढी सैल सोड. आता आणखी सोडू का, ताई?”

“आधी ग्रिप बघू या,” आई म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला.

“सैल म्हणजे काय?” भिंगरीने विचारलं.

“म्हणजे ना, गादीवर पडल्यासारखं फूल उडतं बघ. जोर जाळी लावते, हाताला फार काही करावं लागत नाही. सकाळी खेळायला येणारे आमचे आजोबालोक अशीच बांधून घेतात. त्यांच्या हातात आता कुठला जोर.”

भिंगरीने रॅकेट काउंटरवर ठेवली. आवाज होऊ न देता, आडवी.

“तू ग्रिप लावायला न्यायचीस, तेव्हा?”

आईने होकारार्थी मान हलवली. सून उगाच खोकी सरळ करायला लागली.

आता भिंगरी विचारणार, माझ्या हाताला काय झालंय. त्याचं उत्तर आईकडे होतं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना कितीदा घोकलेलं. कुठल्या शब्दाशी तिचा हात हातात घ्यायचा, तेसुद्धा ठरलेलं. आईने हात पुढेही केला.

भिंगरीने तो धरला नाही. चेहऱ्यावर राग नव्हता. गणित अडलं की असतो तसा चेहरा.

“आई,” ती म्हणाली, “मागच्या रेषेवर पडलेलं एक तरी फूल मी मारलं होतं का गं?”