न्हाणीचं काँक्रीट

न्हाणीत माय दोनदा घसरून पडली, तेव्हा रामकिसननं तिथं काँक्रीटच घालायचं ठरवलं. पुलाच्या कामावरचा काँक्रीट कालवायचा, हातानं फिरवायचा ड्रम त्यानं बैलगाडीत घालून कुंभार पिंपळगावला आणला. तो ड्रम फिरवायचा, माय पाणी ओतायची. पण कितीही दिवस वाट पाहिली तरी काँक्रीट आळेना, पाय ठेवला की रुतायचा. त्यानं ते सगळं खरडून काढलं, रेती बदलली, नव्यानं माल घातला. हा तर पहिल्याहून मऊ राहिला.

"तुमचा ड्रमच भिकार हाय," ड्रम न्यायला आलेल्या मुकादमावर तो तणतणला. "शिमिटाचं परमिट आता मला पुन्हा कोण देतंय?"

मुकादमानं पाण्याच्या बादलीकडं बोट दाखवलं. तिच्या काठाला मुंग्या लागल्या होत्या.

"ह्यात गोड कोनं घातलं? गोड पडलं की शिमिट आळत न्हाई."

रामकिसननं वळून पाहिलं. माय पदरानं मुंग्या झटकत होती.

"ह्या भिंती तुह्या बापानं चुन्यात गूळ घालूनच बांधल्या," ती म्हणाली. "पह्यल्या बारीला आळलं न्हाई, मला वाटलं गूळच कमी पडला. मंग ह्या बारीला दुप्पट घातला."