नळामागची जागा

“इथेच!” कर्टिसने टबाच्या नळावरच्या भिंतीवर पेन्सिलीने उभा चौकोन आखला. “आत दोन उभ्या लाकडांच्या मधे साडेतीन इंच खोल पोकळी फुकट पडलीय. कपाट तिच्यातच बसवू. बाहेर नखभरसुद्धा येणार नाही.”

“तिथे नको!” लाइल आणि आर्लीन एकदमच म्हणाले.

कर्टिसला हसू फुटलं. चाळीस वर्षांच्या संसारात या दोघांचं एकमत झालेलं तो पहिल्यांदाच बघत होता.

बाथरूम ते केवढं! दार उघडलं की कमोडला आपटायचं. टॉवेल फ्लशच्या टाकीवर, बाटल्या टबाच्या काठावर आणि बाकीचा सगळा बाजार जमिनीवरच्या टोपल्यांत. मार्चमध्ये आर्लीन अशाच एका टोपलीत पाय अडकून पडली आणि मनगट मोडून बसली. जमीन मोकळी करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे कपाट हवंच होतं. पण दाराच्या वर केलं तर आर्लीनचा हात पोचणार नव्हता. खिडकीची भिंत बाहेरची. डुलुथच्या थंडीपायी तिच्या पोटात आधीच कापूस कोंबलेला. तिसऱ्या भिंतीत विजेच्या तारा. उरली ही एकच.

“तिथे पाइप आहेत रे,” लाइल म्हणाला.

“पाइप कोपऱ्यात आहेत. हे काय, प्लंबरसाठी झाकण ठेवलंय ना! उघडून दाखवू?”

लाइलला घाम फुटला. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी दारू सोडलेल्यांची बैठक भरायची. तो आणि कर्टिस, दोघेही तिथलेच. येत्या गुरुवारी लाइलला दारूशिवाय दहा वर्षं काढल्याचं पदक मिळायचं होतं. आणि त्या झाकणाआड त्याची चपटी होती.

“राहू दे ना,” आर्लीन मधे पडली. “माझ्या टोपल्या बऱ्या आहेत. मी पाय उचलून चालेन. धडधाकट भिंत फोडायची हौस कुणाला आलीय?”

लाइलने चमकून तिच्याकडे पाहिलं. म्हणजे हिला माहीत होतं! दहा वर्षं माहीत होतं, आणि नवऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून ही बाई मोडक्या मनगटाने टोपल्यांचं कौतुक करत होती. त्याला भरून आलं. अशा बायकोपुढे आणखी किती दिवस खोटं बोलायचं?

“कर्टिस, उघड ते,” तो म्हणाला. “आत माझी एक चपटी आहे. सोडली त्या आठवड्यात लपवलेली. एक थेंब घेतलेला नाही. फेकायला म्हणून हातात धरली असती, तर फेकलीच असती असं नाही, म्हणून कधी झाकणसुद्धा उघडलं नाही.”

आर्लीनचा चेहरा पांढराफटक पडला. लाइलने तिचा हात घट्ट धरला.

कर्टिसने चार स्क्रू काढले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. व्हिस्कीची चपटी निघाली. वर बोटभर धूळ, सील शाबूत.

“शाबास रे वाघा!” कर्टिसने त्याच्या पाठीत थाप मारली. “हे तर गुरुवारी सगळ्यांना सांगायला हवं.”

आणखी काही राहिलं नाही ना, म्हणून त्याने पुन्हा आत चाचपलं, तर काच किणकिणली. दुसरी चपटी आली. व्होडकाची, रिकामी. मग तिसरी, चौथी. एकीवरही धूळ नाही. कर्टिस काढून काढून बेसिनमध्ये ठेवत गेला. बेसिन भरलं तसं त्याचं हसू मावळलं.

“माझ्या नाहीत!” लाइल ओरडला. “देवाशपथ, पहिली सोडून एकही माझी नाही!”

“मीही असंच म्हणायचो,” कर्टिस हळूच म्हणाला. “मी कुणापाशी तोंड उघडणार नाही, लाइल. पण ते पदक घेऊ नकोस बाबा. परत पहिल्या दिवसापासून मोजायला लाग.”

लाइल रडकुंडीला आला. “आर्लीन, तू तरी सांग ना याला! तू घरातच असतेस. मी घेतो का गं?”

आर्लीनने आपला हात सोडवून घेतला. कमोडचं झाकण पाडून ती त्यावर बसली. ती बोलली नसती, तरी कर्टिसने तिला काही विचारलं नसतं.

“नाही घेत तो,” ती कर्टिसला म्हणाली. मग तिने लाइलकडे पाहिलं. “तू गुरुवारी निघून गेलास, की घर खायला उठायचं रे मला.”